पोतं टाकलं, नत्र गेलं कुठं?

या महिन्यातली पत्रं वाचून झाली आणि जाणवलं की प्रश्न वेगवेगळे असले तरी आरोपी एकच आहे. कुणाचा मका काळोखी धरत नाही, कुणाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला फड, पिवळा पडलाय, कुणाच्या विहिरीचा अहवाल वाईट आलाय. सगळ्यांत नत्र, म्हणजे नायट्रोजन. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं काढली. माहेर पारनेरकडचं कोरडवाहू, सासर माणगावचं भाताचं. त्यामुळे नत्र दोन्हीकडून पळताना पाहिलंय. उत्तरं देताना बेरीज-वजाबाकी करीन, ती खोड आता जायची नाही.

ताई, मक्याला तीस दिवसांनी एकरी एक गोणी युरिया फोकून दिला. आदल्या रात्री भुरभुर होऊन ओल झाली होती. पुढे नऊ दिवस पाऊस नाही. चौथ्या दिवशी सकाळी रानात गेलो तर मुतारीसारखा वास. मका म्हणावा तसा सुधारला नाही. युरिया भेसळीचा होता का?
— एक शेतकरी, ता. बार्शी

भेसळीचा असता तर वास आला नसता, दादा. तो वास म्हणजेच तुमचा युरिया होता.

युरिया मातीत पडला की पिकाआधी त्याला युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) गाठतं. ते मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेलं असतं आणि काडीकचऱ्यावर तर भरपूर असतं. दोन-तीन दिवसांत ते युरिया फोडतं आणि अमोनिया तयार होतो. हे चार बोटं मातीखाली घडलं तर चिकणमातीचे कण तो अमोनिया धरून ठेवतात. वरच्या वर घडलं तर धरणारं कुणी नसतं. त्यातून तुमच्याकडची काळी, चुनखडीची जमीन. तिचा सामू (पीएच) आधीच ८ च्या आसपास, आणि युरियाचा दाणा फुटतो तिथे तो आणखी चढतो. सामू जितका वर, तितका अमोनिया वायू होऊन उडायला मोकळा.

तुमची चूक भुरभुरीवर भरवसा ठेवण्यात झाली. अगदी कोरड्या मातीवर दाणे काही दिवस तसेच पडून राहिले असते. भुरभुरीने त्यांना विरघळवलं, पण आत ढकललं नाही. त्यासाठी १०-१५ मिलिमीटरचा एक सलग पाऊस हवा, नाहीतर एक पाणी. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र असतं. तुम्ही सांगता तशा परिस्थितीत त्यातला पाव ते तिसरा हिस्सा हवेत जाणं नवलाचं नाही. म्हणजे पाच ते सात किलो. निंबोळीचं आवरण आहे ना, असं विचाराल. ते आवरण पुढच्या पायरीवर, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होण्यावर लगाम घालतं. हा वास ते थांबवत नाही.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. काचेच्या बरणीत तुमच्याच रानातली ओलसर माती दोन बोटं भरा, वर चमचाभर युरिया पसरा. साध्या पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, त्याची पट्टी जराशी ओली करून झाकणाच्या आत चिकटवा आणि झाकण घट्ट लावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी पट्टी तांबूस होते. अमोनियाने हळदीचं कुंकू होतं. दुसऱ्या बरणीत तोच युरिया तीन बोटं खाली पुरून बघा. ती पट्टी बराच काळ पिवळी राहते. शेतकरी मेळाव्यात माझ्या तासभराच्या भाषणापेक्षा या दोन बरण्यांनी जास्त काम केलंय.

ही चूक मला पुस्तकातून कळली नाही. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पगाराची आणि ज्ञानाची दोन्हीची मिजास होती. वडिलांना म्हटलं, बाजरीला एकदम सगळा हप्ता देऊन टाका, मजूर दोनदा कशाला लावता? त्यांनी ऐकलं. वर ओल, खाली कोरडं, आणि अकरा दिवस ढग नुसते पळत होते. वडील मला काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वर्षी पोतं विकत आणलं तेव्हा म्हणाले, "यंदा वाऱ्याला किती द्यायचा?"

तर, हप्ता दोन-तीनदा विभागून द्या. ओळीच्या बाजूने टाका आणि लगेच कोळपून बुजवा. पाणी हाताशी असेल तर टाकल्याबरोबर द्या.

माती परीक्षणात दर वेळी नत्र "कमी"च येतं. एवढं खत घालूनही? प्रयोगशाळाच चुकते का?
— एक वाचक, ता. गंगापूर

प्रयोगशाळा चुकते, मी तिथेच होते. पण या बाबतीत सहसा नाही. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन साधारण २२.४ लाख किलो धरतात. तुमच्या मातीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्का असेल, तर एकूण नत्र अंदाजे ०.०५ टक्का, म्हणजे ११०० किलोच्या घरात. ऐकायला गडगंज. पण ते ह्युमसमध्ये, म्हणजे कुजून काळ्या झालेल्या सेंद्रिय भागात अडकलेलं आहे, मुदत ठेवीसारखं. जिवाणू त्यातलं वर्षाला दोन-तीन टक्के मोकळं करतात, म्हणजे २५-३० किलो. अहवालात हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी आलं की "कमी" लिहितात. पुष्कळ ठिकाणी तर नत्र वेगळं मोजतच नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज बांधतात. म्हणून गेल्या हंगामात तुम्ही टाकलेला युरिया त्या आकड्यात दिसेल अशी अपेक्षा धरू नका. तो पिकाने नेला, पाण्याने नेला किंवा वाऱ्याने नेला. आकडा हलवायचा तर कर्ब हलवावा लागतो, आणि आपल्या उन्हात तो फार सावकाश हलतो.

मी आठवीत आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे असं पुस्तकात आहे. मग झाडांना खत का द्यावं लागतं? आणि आपण श्वासातून इतका नायट्रोजन घेतो, तरी डाळ का खायची?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

बाळा, हा प्रश्न तुझ्या वयात मला पडायला हवा होता.

हवेतला नायट्रोजन एकेकटा फिरत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी बांधलेले असतात, आणि ती गाठ निसर्गातल्या सर्वांत घट्ट गाठींपैकी आहे. तू श्वासातून घेतेस तो जसाच्या तसा बाहेर जातो. १८व्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला "निर्जीव" या अर्थाचं नाव दिलं होतं, कारण त्यात ठेवलेला प्राणी मरायचा. आता कळतं की त्याच्याशिवाय एकही प्राणी बनत नाही. नाव चुकलं, पण तेव्हा जे दिसलं त्यावरून बरोबरच होतं.

ही गाठ सोडवणारे फार थोडे. आता तुझ्या ताटातून मागे मागे जाऊ. वाटीभर वरणात ५० ग्रॅम तूरडाळ धर. तिच्यात साधारण ११ ग्रॅम प्रथिनं, आणि प्रथिनाच्या वजनाला ६.२५ ने भागलं की नत्र मिळतं, म्हणजे पावणेदोन ग्रॅम. ते आलं कुठून? बरंचसं तुरीच्या मुळांवरच्या बारीक गाठींतून. त्या गाठींत ऱ्हायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्याकडे त्या घट्ट गाठीची किल्ली आहे, नायट्रोजिनेज नावाचं विकर. साध्या मातीच्या तापमानाला, आवाज न करता ते हवेतला नायट्रोजन फोडतात आणि तुरीला देतात. बदल्यात तूर त्यांना साखर देते. हे जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये दाखवून दिलं.

ताटातल्या भाताची गोष्ट निराळी. भाताला तशा गाठी नसतात. त्याचं नत्र कदाचित युरियाच्या गोणीतून आलं, आणि ती गोणी कदाचित तुझ्या घरापासून फार लांब नसलेल्या अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातून. तिथे काम तेच, जे जिवाणू करतात, पण ४५० अंशांच्या आसपास तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब लावून. ही युक्ती फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये ती कारखान्यात आणली. आज जगातल्या माणसांच्या अंगात जे नत्र आहे त्यातलं जवळपास निम्मं कधी ना कधी अशा कारखान्यातून गेलेलं असावं, असा अंदाज आहे. म्हणजे तुझा एक हात तुरीचा आणि एक हात थळचा, असं धर.

आणि पुढचं ऐकून नाक मुरडू नकोस. खाल्लेली प्रथिनं वापरून झाली की शरीर त्यातलं नत्र लघवीवाटे टाकतं. मोठ्या माणसाचं दिवसाला साधारण १०-१२ ग्रॅम, आणि ते मुख्यतः युरियाच्या रूपात. पोत्यातला युरिया आणि हा युरिया, दोन्ही एकच पदार्थ. बार्शीच्या काकांच्या मक्यात मुतारीचा वास का आला, ते तुला आता कळेल.

आमची आजी म्हणायची, विजा चमकल्या की पाऊस "खताचा" होतो, पीक एका रात्रीत हिरवं होतं. हे शास्त्रीय आहे का?
— एक वाचक, ता. मोहोळ

आजीने पाहिलं ते खरं होतं. कारण मात्र दुसरं आहे.

विजेच्या उष्णतेने नायट्रोजनची गाठ सुटते, त्यातून नायट्रिक आम्ल तयार होतं आणि ते पावसाबरोबर येतं, इथपर्यंत बरोबर. पण जगभरातल्या सगळ्या विजा मिळून वर्षाला अंदाजे ५० लाख टन नत्र देतात. पृथ्वीवर ते सारखं वाटलं तर हेक्टरी शंभर ग्रॅमच्या आसपास येतं. विजा जास्त पडतात तिथे जास्त धरा, तरी रान काळंशार करण्याइतकं नाही.

खरा खेळ आपल्या पायाखाली होतो. मार्च ते मे जमीन भाजून निघते. तिच्यातले कितीतरी जिवाणू मरतात, ह्युमसचे ढेकळांत दडलेले भाग उघडे पडतात. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की उरलेले जिवाणू त्या मेलेल्यांवर आणि उघड्या पडलेल्या ह्युमसवर तुटून पडतात. दोन-चार दिवसांत त्यांची संख्या भसाभसा वाढते आणि खाण्यातलं नको ते नत्र ते मातीत सोडतात. १९५०च्या दशकात केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या संशोधकाने याचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसाचा मातीचा वास येतो ना, तोही मातीतल्या जिवाणूंच्याच घरचा.

त्या वेळी विजाही चमकतात, कारण वळवाचे आणि मृगाचे ढग तसलेच. आजीने शेजारी उभ्या असलेल्या दोघांतल्या दिमाखदाराला श्रेय दिलं. आपण सगळेच तसं करतो.

यात कामाची गोष्ट अशी: हे मोफत नत्र दोन-तीन आठवड्यांचं असतं. त्या काळात रानात मुळं नसतील तर ते नायट्रेट होऊन पुढच्या पावसाने खाली जातं. धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यातच पेरणी करणारी जुनी माणसं जोखीम घ्यायची ती उगाच नाही. पण पाऊस दडी मारून बी वाया गेलं तर मला शिव्या घालू नका. तो निर्णय तुमच्या भागाचा पाऊस बघून तुम्हीच घ्यायचा.

सोयाबीनने जमिनीत नत्र वाढतं म्हणतात. मी सात वर्षं सोयाबीन-हरभरा घेतोय. जमीन सुधारण्याऐवजी उतरतेय असं वाटतं.
— एक शेतकरी, ता. औसा

तुम्हाला वाटतंय ते चुकीचं नाही, आणि हे उत्तर अनेकांना आवडणार नाही.

सोयाबीनच्या दाण्यात जवळपास ४० टक्के प्रथिनं. म्हणजे वजनाच्या ६.४ टक्के नत्र. एकरी ८ क्विंटल झालं तर ५१ किलो नत्र तुम्ही पोत्यात भरून आडतीवर नेऊन घातलंत. अडीच गोणी युरियाएवढं. आता गाठींनी हवेतून किती आणलं? साधारणपणे सोयाबीन आपल्या गरजेच्या निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त गाठींतून भागवतं, बाकी मातीतून घेतं. दाणा गेला, वर भुसकटही रानाबाहेर गेलं किंवा बांधावर पेटवलं, तर हिशेब बरोबरीत सुटला तरी नशीब. बहुतेक वेळा वजाबाकीच असते. तूर वेगळी. ती सात-आठ महिने उभी राहते, पाला गाळते, मुळं खोल सोडते. ताग, धैंचा ही हिरवळीची पिकं फुलायच्या आत गाडली तर सगळंच जमिनीत राहतं. "द्विदल पीक जमीन सुधारतं" हे वाक्य त्यांच्यासाठी खरं आहे. सोयाबीनला ते लावताना आपण काय उचलून नेतो ते विसरतो.

तरी गाठी कामावर आहेत का ते बघणं तुमच्या हातात आहे. पेरणीनंतर ३५-४५ दिवसांनी चार-पाच झाडं खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, उपटल्यावर गाठी जमिनीतच तुटून राहतात आणि मग लोक म्हणतात गाठीच नाहीत. मुळं पाण्यात धुवा, गाठ नखाने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे. गाठीतला ऑक्सिजन मोजूनमापून ठेवण्याचं काम ते करतं, कारण जास्त ऑक्सिजन लागला तर नायट्रोजिनेज निकामी होतं. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नुसती बसून खातेय.

आणि घाबरून फोन करू नका की मुळांना सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक जंत) लागले. ऱ्हायझोबियमची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, बोटाने चोळली की सुटते. सूत्रकृमीत मूळच फुगलेलं असतं, ते सुटत नाही.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम ऱ्हायझोबियम, सावलीत वाळवून लगेच पेरणी. सोयाबीनला सोयाबीनचंच पाकीट, हरभऱ्याला हरभऱ्याचंच. दुकानदार "सगळं एकच" म्हणाला तर दुकान बदला. आणि पेरणीनंतर वरून युरिया घालत राहू नका. मातीत आयतं नायट्रेट मिळालं की सोयाबीन गाठींना साखर देणं कमी करतं. झाडालाही हिशेब कळतो.

उसाचं वाळलेलं पाचट जाळलं नाही, खोडव्यात कुट्टी करून सरीत दाबलं. आता ऊस पिवळा पडलाय. भाऊबंद हसतायत. जाळलं असतं तर बरं झालं असतं का?
— एक शेतकरी, ता. वाळवा

नाही. भाऊबंदांना आणखी तीन महिने हसू द्या.

पाचट म्हणजे जिवाणूंपुढे भाकऱ्यांची चळत आणि अर्धी वाटी आमटी. टनभर पाचटात ४०० किलोच्या आसपास कार्बन, आणि नत्र जेमतेम ४-५ किलो. जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला दर आठ-दहा भाग कार्बनाला एक भाग नत्र लागतं. एवढ्या भाकऱ्या संपवायच्या तर आमटी कमी पडते, मग ते मातीतलं अमोनियम-नायट्रेट उचलतात. उसाच्या मुळांपेक्षा ते चपळ आहेत, आधी ते जेवतात. तेच नत्र पुढे ते मेल्यावर परत मिळतं, पण मधल्या दोन-तीन महिन्यांत ऊस उपाशी दिसतो.

म्हणून तर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायला सांगतात. तुमच्या पत्रात या तिन्हींचा उल्लेख नाही, त्यावरून मी ओळखलं. आता तरी द्या, मातीआड करून आणि पाण्याबरोबर. पेटवलं असतं तर त्यातलं बहुतेक नत्र धुराबरोबर गेलं असतं, राखेत पालाश-स्फुरद (पोटॅश-फॉस्फरस) राहिलं असतं आणि ऊस हिरवा दिसला असता. त्या हिरवेपणावरच तर भाऊबंद फसतात.

पण एक खात्री करा. पिवळी पानं खालची आहेत की वरची? नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं, म्हणून खालची आधी पिवळी होतात. वरची कोवळी पानं पांढरट-पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर तो लोहाचा केवडा आहे. तिथे कितीही युरिया ओता, उपयोग नाही. हिराकसची (फेरस सल्फेटची) ०.५ टक्के फवारणी करा.

अर्ध्या लिटरची नॅनो युरियाची बाटली एका गोणीइतकी असते का? आणि जीवामृताने नत्राची गरज भागते का?
— तीन वेगवेगळ्या वाचकांचा मिळून एक प्रश्न

२०२१ मध्ये आलेल्या पहिल्या बाटल्यांवर ४ टक्के नत्र लिहिलं होतं. ५०० मिलिलिटरचे ४ टक्के म्हणजे २० ग्रॅम. गोणीत २०.७ किलो. पान कितीही चांगलं शोषो, वीस ग्रॅमची प्रथिनं वीस किलोइतकी होत नाहीत.

आता जीवामृतातलं नत्र: १० किलो शेणात ४० ग्रॅमच्या आसपास, १० लिटर गोमूत्रात फार तर १०० ग्रॅम, २ किलो बेसनात ७० ग्रॅम. गुळात जवळजवळ काही नाही. २०० लिटरच्या पिंपात सव्वादोनशे ग्रॅमही होत नाही. जिवाणूंना चालना म्हणून वापरा, माझा विरोध नाही. नत्राच्या रकान्यात ते धरू नका. त्या रकान्यात शेणखत धरा: १० टनांत ५० किलोच्या आसपास, तेही उकिरडा उन्हात उघडा ठेवून अमोनिया उडवला नसेल तर. जनावराने टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा गोमूत्रात असतो आणि आपण गोठ्याला उतार काढून तेच गटारीत सोडतो.

भाताला युरिया देताना पाणी ठेवावं की काढावं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
— एक वाचक, ता. माणगाव

सासरचा प्रश्न आला! खाचरात नत्र दोन वाटांनी पळतं. दुपारी पाण्यातलं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया उडतो. दुसरी वाट जास्त लबाड. चिखलाच्या वरच्या पातळ तांबूस थरात हवा असते, तिथे अमोनियमचं नायट्रेट होतं. ते खालच्या करड्या-निळसर थरात झिरपतं, तिथे ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात आणि ते पुन्हा साधा नायट्रोजन करून हवेत सोडतात. वाटेत थोडा नायट्रस ऑक्साइडही निसटतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापवतो. कारखान्यात एवढा खर्च करून बांधलेली गाठ खाचरात फुकट सुटते.

फोकूनच द्यायचा तर पाणी काढून चिखलावर द्या, हाताने कालवा आणि एक-दोन दिवसांनी पाणी घ्या. त्याहून चांगली चारसूत्री पद्धत. १५-२५ सेंटिमीटर अंतराने जोडओळीत लावणी करायची आणि दर चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची युरिया आणि डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची गोळी ७-१० सेंटिमीटर खोल खोचायची. त्या खोलीवर अमोनियम अमोनियमच राहतं, तांबूस थर त्याला गाठत नाही. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, "भाताला औषधाच्या गोळ्या कशाला?" कंबर दुखते हे त्यांचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि लावणीनंतर त्याच दिवशी गोळ्या खोचायला माणसं मिळत नाहीत हेही खरं. निदान बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत घाला.

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ९० मिलिग्रॅम आलं. उकळून प्यावं का? सून बाळंतपणाला यायची आहे.
— एक वाचक, ता. राहुरी

उकळू नका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. बाळाला वरचं दूध द्यायची वेळ आली तर हे पाणी त्यात अजिबात वापरू नका. तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते, बाळ निळसर पडतं. दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा किंवा आरओचं, तेही एकदा तपासून. विहिरीपासून उकिरडा, गोठा, शोषखड्डा किती लांब आहेत ते मोजा. नायट्रेटला माती धरत नाही, ते पाण्याच्या मागे मागे जातं. रानातला युरिया हे एक कारण झालं, पण गावठाणातल्या विहिरीत बरेचदा दोषी घराजवळच सापडतो.

तीन वर्षांपूर्वी आमचा बैल गेला. शेताच्या कोपऱ्यात चार फूट खोल पुरला, मीठ घालून. पहिल्या वर्षी तिथे काही धड आलं नाही. यंदा मात्र तेवढ्याच तुकड्यात शाळू ज्वारी पुरुषभर, काळाशार. आई म्हणते त्या कणसांचा हुरडा करायचा नाही. खाल्ला तर चालेल का? त्याचा जोडीदार अजून दावणीला आहे.
— एक वाचक, ता. सांगोला

चालेल. त्यात अपायकारक काही नाही.

साडेतीनशे किलोच्या बैलाच्या अंगात आठ-दहा किलो नत्र असतं, मांसात, कातड्यात, शिंगात, खुरांत. ते आयुष्यभराच्या कडब्यातून, पेंडीतून गोळा झालेलं. पहिल्या वर्षी मीठ होतं आणि कुजणं ताजं होतं, म्हणून पीक बसलं नाही. मग पावसाने मीठ खाली गेलं, जिवाणूंनी प्रथिनं अमोनियापर्यंत आणि पुढे नायट्रेटपर्यंत नेली. शाळूची मुळं चार-पाच फूट सहज जातात. त्यांना ते सापडलं. हाडांतलं स्फुरद अजून पुष्कळ वर्षं हळूहळू सुटत राहील.

एकच काळजी घ्या. इतक्या नत्रावर वाढलेली ज्वारी कोवळी असताना किंवा कापणीनंतर फुटवे आल्यावर जनावराला हिरवी घालू नका. तिच्यात सायनाइड तयार करणारा पदार्थ जास्त असतो, त्यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. तेही नत्राचंच एक रूप.

हुरड्याचं आईंना ठरवू द्या. कडबा मात्र नीट वाळवून दावणीतल्या जोडीदाराला घाला.